बिनडोळ्याचा फोन

"ह्याला पन डोळा हाय," अम्मी म्हणाल्या आणि फोन पालथा करून काउंटरवर ठेवला.

तो सातवा फोन होता. प्रितमच्या दुकानात काचेवर सात फोन ओळीने पालथे पडले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर कॅमेऱ्याची इवलीशी गोल काच होती. दुकान म्हणजे तरी काय, पनवेलच्या बाजारातल्या दोन भिंतींमधली फट. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. आम्ही दोघी उभ्या होतो आणि मागे एक गृहस्थ रिचार्जसाठी ताटकळत होते.

"खाला, डोळा नाही हो, कॅमेरा आहे," प्रितम म्हणाला. "हल्ली सगळ्याच मोबाईलला येतो. फ्री समजा."

"फुकटचा हाय ना? मग काढून दे."

"काढून कसा देणार?"

"मग मला नको."

मी यांची सून, रुमाना. नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गातली अडतीस मुलं माझ्या एका नजरेने गप्प बसतात आणि घरात सासूबाईंपुढे माझी डाळ शिजत नाही. माझ्या पर्समध्ये त्या वेळी एक चकचकीत खोका होता. त्यात माझ्या नवऱ्याने, फहादने, कुवेतहून खास अम्मींसाठी पाठवलेला मोठ्या पडद्याचा टच फोन होता. तो फोन हाताशी असताना अम्मी बाजारात दुसरा, साधा, बटणांचा फोन शोधत होत्या. तोही बिनडोळ्याचा. ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. तेव्हा सगळं गाव उलट्या दिशेने पळत होतं.

डोळ्याचं सोडलं तर बाकीची परीक्षा आधीच झाली होती. रिंग ऐकायला अम्मी स्वतः रस्ता ओलांडून केळीवाल्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, डावा कान दुकानाकडे करून, कारण डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. मग परत येऊन प्रितमच्या बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि ओल्या हाताने बटणं दाबायला लागल्या, तेव्हा तो ओरडलाच, "अहो खाला, विकायचाय मला तो!"

"माजे हात वलेच असतात," अम्मी म्हणाल्या. "वल्या हाताला चालला पायजे."

"असं काम तरी काय आहे तुमचं?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी मघापासून मनात दुवा करत होते.

"मी मय्यतीला गुसल देते," अम्मी म्हणाल्या. प्रितमला कळलं नाही, म्हणून सोपं करून सांगितलं, "बाईमानूस मेलं की दफन करायच्या आधी तिला आंगूळ घालते. सव्वीस वर्सं झाली."

मागचे गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. प्रितम मात्र आहे तिथेच उभा राहिला, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

"तिचं आंग मी बघते," अम्मी म्हणाल्या. "कुनाला डाग असतो, कुनाला टाके, कुनाला नवऱ्यानं मारलेल्याचे वळ. जे बघितलं ते तितंच ठेवून यायचं, असा आमचा नियम हाय. आता तूच सांग बाबा, पाठीला डोळा असलेला फोन घेऊन मी आत जाऊ?"

"पण तुम्ही वापरूच नका ना कॅमेरा."

"मी नाय वापरनार. पन पडद्याच्या भायेर बसलेल्या तिच्या आयशीला काय म्हायत?"

प्रितम स्टूल ओढून वर चढला, माळ्यावर खुडबुड केली आणि धुळीने माखलेला एक खोका घेऊन उतरला. "दोन वर्षं पडून आहे. घेत नाही कोणी," तो म्हणाला. आत साबणाच्या वडीएवढा काळा फोन होता. अम्मींनी तो उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ कोरी होती. मग त्यांची नजर वरच्या कडेला गेली. तिथे काचेचा एक ठिपका होता.

"मग हे काय?"

"टॉर्च आहे, खाला. लाइट गेली की." त्याने तो लावून दाखवला.

"म्हंजे उजेड देतो, बघत नाय."

"नाही बघत."

"मग दे हाच."

मला राग आला होता. फहादने हौसेने पाठवलेल्या फोनचं काय सांगायचं त्याला? पण अम्मी इतक्या इरेला का पेटल्या होत्या, तेही मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसले.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीत अम्मींचा जुना फोन एका गुसलच्या वेळी गरम पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. फहादने लगोलग कुवेतहून येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती नवा धाडला. त्या फोनचं आणि अम्मींचं कधी पटलं नाही. ओलं बोट लागलं की तो ऐकायचा नाही आणि सुकं लागलं की भलतंच काहीतरी उघडायचा. कोणाचा फोन आला की त्या धावत माझ्याकडे यायच्या, "बाय, ह्याला उचल." तरी बाहेर जाताना पिशवीत न्यायच्या, कारण मय्यत काही वेळ सांगून होत नाही.

मार्चमध्ये घड्याळवाल्यांच्या घरातली अंजुम गेली. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून मोहल्ल्यात त्या घराला अजून घड्याळवाले म्हणतात. अंजुम पंचविशीची, कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपली. तिचा भाऊ मस्कतला, त्याला सुट्टी मिळाली नाही. गुसल अम्मींनीच दिलं. पडद्याआड त्यांच्या हाताखाली पाणी द्यायला घरातल्याच तिघी जणी होत्या. अंजुमची बहीण, तिची भावजय आणि तिची मावसबहीण. अम्मींची पिशवी, आत फोन, तिथेच खुंटीला लटकत होती.

तिसऱ्या दिवशी एक फोटो मोहल्ल्याच्या फोनांतून फिरायला लागला. खाली लिहिलेलं, 'मरहूमासाठी दुवा करा.' ज्याला आला त्याने दुवा केली आणि पुढे चौघांना पाठवला. मलाही आला. मी पाहिला आणि पुसून टाकला. चेहरा होता आणि सुटे केस होते, एवढंच सांगते. जिने जन्मात कधी डोक्यावरची ओढणी ढळू दिली नाही, तिचे ते केस होते.

आता हा काढला कोणी? पडद्याआड चौघीच होत्या आणि त्यात घरच्या तिघी दुःखात. नवा मोठा फोन कोणाकडे आला होता? जमिलाखालाकडे, म्हणजे आमच्या अम्मींकडे. झालं, गावाचं गणित सुटलं. जिला फोन उचलता येत नाही ती फोटो कुठून काढणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, पण सोयीचं नव्हतं.

मग एके दिवशी मशिदीच्या कमिटीतल्या दोघांच्या बायका घरी आल्या. चहा घेतला, सांदणं खाल्ली, माझ्या शाळेची चौकशी केली. उठता उठता एक म्हणाली, "खाला, आता तुमचं वय झालं. आराम करा. उरणहून एक बाई यायला तयार हायत."

अम्मी म्हणाल्या, "सांदणं आनखी घे ना. तुज्या पोरांना बांधून देते."

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "अम्मी, फोटो कोणी काढला? तुम्हाला माहीत आहे ना?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "हाय म्हायत."

"मग सांगितलं का नाही?"

"मी कापूर कुटायला वळले तवा काढलान. मी बघितलं. रडत व्हती ती. भावाला शेवटचं तोंड दाखवायचं व्हतं, बाकी तिच्या मनात काय नव्हतं. त्यानं फुडं कुना दोस्ताला धाडला नि दोस्तानं गावाला."

"कोण ती?"

"पडद्याआडचं पडद्याआड."

"अहो पण आळ तुमच्यावर आलाय! सव्वीस वर्षं तुम्ही..."

"मेलेलीचं झाकते," अम्मींनी ताटातून एक खडा काढून बाजूला ठेवला, "आनि जितीचं उघडं करू?"

मी म्हटलं, मी जाते त्या घरी, तिघींना समोर उभं करते, बघते कोण खरं बोलत नाही ते. अम्मींनी मान वर केली. "गेलीस तर परत ह्या घरात येऊ नको," म्हणाल्या. एवढं कडक त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला. त्या महिन्यात मोहल्ल्यात दोन बायका वारल्या आणि दोन्ही वेळेला उरणची बाई रिक्षातून आली. रिक्षा आमच्या ओट्यासमोरूनच गेली. अम्मी ओट्यावर बसून होत्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, ओठ हलत होते. त्या हातांना त्या दिवशी काम नव्हतं आणि ते बघवत नव्हतं. या कामाचा त्यांनी कधी कोणाकडून काही मोबदला घेतला नाही. त्यामुळे नुकसान काय झालं, असं कोणी विचारलं असतं तर मला दाखवता आलं नसतं. नेऱ्याहून भाजी घेऊन येणारी गोदूबाई तेवढी दर शनिवारी बोरीच्या पाल्याची जुडी दारात ठेवून जायची, गुसलच्या पाण्यात घालायला. "आता नको आणू," मी तिला म्हटलं. "नको कशी?" ती म्हणाली. "मानसं मरायची थांबली का?"

फोन घेतला त्याच दिवशी फहादचा माझ्या मोबाईलवर फोन आला. त्याला कोणीतरी सगळं कळवलं होतं. मी स्पीकर लावला.

"अम्मी, आता बस कर ना," तो म्हणाला. "मी कमावतोय, रुमाना कमावतेय. इथे कामगारांच्या कॅम्पमध्ये गाववाले मला विचारतात, तुझी आई मुर्दे धुते ना? काय सांगू त्यांना?"

"सांग, हां, धुते."

"अम्मी..."

"तुज्या नानीला मीच धुतली. तुज्या भैनीला पन, आठ दिवसांची व्हती ती. आनि त्या गाववाल्यांना इचार, उद्या तुमच्या आयांना कोन धुनार? तुमी येनार तिथून?"

मग त्याने विचारलं, "मी पाठवलेला फोन तरी वापरतेस ना?"

"चांगला हाय रे तुजा फोन. रुमानाला दिला. मला दुसरा लागतो."

अंजुमच्या चाळिसाव्याला अख्ख्या मोहल्ल्याला बोलावणं होतं, म्हणजे आम्हालाही होतं. मी म्हटलं, नको जायला. अम्मींनी धुतलेली साडी नेसली, कमरेला बटवा खोचला आणि पुढे चालायला लागल्या. मी मुकाट मागून गेले.

घड्याळवाल्यांच्या माजघरात तीसेक बायका बसल्या होत्या. दुवा झाली, जेवणं झाली, दस्तरखान उचलायची वेळ झाली, तेव्हा अम्मींनी बटव्यातून तो काळा फोन काढला आणि मधोमध पालथा ठेवला.

"बघून घ्या," त्या म्हणाल्या. "हातात घेऊन बघा. ह्याला डोळा नाय. आनि आजपासून माजा नियम ऐका. मी जिथं जाईन तिथं डोळ्याचा फोन पडद्याआत येनार नाय. कुनाचाच नाय. पसंत असंल तर बोलवा. नसंल तर उरणवाली हाय, ती बी चांगलं काम करते."

कमिटीवाल्यांपैकी एक जण शेवटी म्हणाली, "ते ठीक हाय, खाला. पण फोटो कोनी काढला ते तरी सांगा ना."

स्वयंपाकघराच्या दारात त्या तिघी उभ्या होत्या, एकीच्या हातात ताटांची चळत. मी तिघींकडे बघितलं. तिघींचे चेहरे सारखेच पांढरे पडले होते.

"फोटो माज्या पडद्याआड निघाला," अम्मी म्हणाल्या. "तवा जिम्मेदारी माजी. फुडं इचारू नका."

अंजुमची आजी, हलिमादादी, कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला. कोणीतरी तो फोन तिच्या हातात दिला. म्हातारीने त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा, तांदळाची भाकरी थापून झाल्यावर कडा चाचपतात तसा.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माजं गुसल जमिलाच देल. लिवून ठेवा."

परत येताना मी अम्मींचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढंच.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी शाळेचा डबा भरत होते आणि तो फोन वाजला. काय आवाज! समोरच्या भिंतीवरचे कावळे उडाले. अम्मींचे हात पिठाचे होते, त्याच हातांनी त्यांनी हिरवं बटण दाबलं. पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानी तापवायला ठेवा. पाला मी आनते." मग माझ्याकडे वळल्या. "हलिमादादी गेली. शाळेत कळव. आज तू चल माज्यासंगती."

मी कधीच गेले नव्हते. मला भीती वाटत होती आणि मी तसं म्हटलंही.

"मला बी वाटली व्हती पयल्या वेळी," अम्मी म्हणाल्या. "चल."

घड्याळवाल्यांच्या घरी मागच्या पडवीत चादरींचा आडोसा केला होता. त्याच्या तोंडाशी एक रिकामं तपेलं पडलेलं होतं. अम्मींनी बटव्यातून आपला फोन काढला आणि सगळ्यांच्या आधी त्यात ठेवला. मी म्हटलं, "अम्मी, तुमच्याला कुठे डोळा आहे?" त्यांनी तपेलं माझ्याकडे सरकवलं. मग मी माझा ठेवला. माझ्यामागून घरातल्या बायकांनी एकेक करून ठेवले. तपेलं अर्धं भरलं.

आत आम्ही पाच जणी. अम्मी, मी आणि त्याच तिघी.

हलिमादादी फळीवर होती, अंगावर चादर. अम्मींनी हाताला कापड गुंडाळलं आणि चादरीच्या आत हात घालून धुवायला सुरुवात केली. आणि त्या बोलत होत्या. मला वाटलं दुवा म्हणताहेत, पण नाही, म्हातारीशी बोलत होत्या. "आता उजवी बाजू हां, दादी. पानी कोमट हाय. झालं, झालं." एवढ्या मायेने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझी भीती कधी गेली ते मला कळलंही नाही.

बाहेर तपेल्यात फोन घुरघुरायला लागले. एक थांबला की दुसरा. मस्कतचा असणार, अंजुमचा भाऊ. या खेपेलाही त्याला येता येणार नव्हतं. आतल्या तिघीही ऐकत होत्या. कोणी जागचं हललं नाही.

शेवटचं, कापराचं पाणी झालं. आता केसांच्या तीन वेण्या घालायच्या होत्या. अम्मींनी कंगवा घेतला. तिघींकडे बघितलं आणि त्यातल्या एकीपुढे धरला.

"तू घाल."

तिने हात मागे घेतले. "खाला, मी नको. मी... तुम्हाला ठाऊक हाय ना, मी..."

"गुंता असंल तर आदी बोटानं सोडव," अम्मी म्हणाल्या. "दादीला दुखंल."

ती फळीच्या डोक्याशी बसली. तिचे अश्रू म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर पडत होते आणि ती वेणी घालत होती. एक घातली, सुटली, पुन्हा घातली. अम्मी घाई न करता शेजारी बसून राहिल्या. तिसरी वेणी पुरी झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर आपला ओला हात ठेवला आणि लगेच कफनाकडे वळल्या.

कफन नेसवून झालं, चेहरा तेवढा उघडा ठेवला. अम्मींनी आडोशाची चादर बाजूला केली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आता घ्या आपापले फोन. मस्कतला लावा. दाखवा त्याला दादीचं तोंड, पोट भरून बघू दे." कमिटीवाली तिथेच उभी होती. तिने तपेल्यातून अम्मींचा काळा फोन शोधून काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. अम्मींनी तिला बोलायला लावलं नाही.

संध्याकाळी फहादचा फोन आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती.

"तू पण आत होतीस म्हणे," तो म्हणाला. "मग कळलं असेल तुला. फोटो कोणी काढला होता?"

"कळलं."

"कोण गं? बहीण? भावजय?"

माझ्या हातांना अजून कापराचा वास येत होता. याच नावासाठी चार महिन्यांपूर्वी मी अम्मींशी भांडले होते, आणि आता ते माझ्या जिभेवर होतं.

"आतलं विचारू नकोस," मी म्हटलं.

"अगं, मला सांगायला काय हरकत आहे? नवरा आहे मी तुझा."

"तुला नाही, गावाला नाही, कोणालाच नाही. आणि कॅम्पमध्ये कोणी विचारलं तर त्यांना सांग, आता माझी बायकोसुद्धा जाते."

तो हसला नाही की रागावलाही नाही. नुसतं म्हणाला, "अम्मीला दे."

मी बाहेर आले. अम्मी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी तो काळा फोन. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण बोलताना मी त्यांच्या चांगल्या, उजव्या कानाच्या बाजूला, खिडकीत उभी होते. मी माझा मोबाईल पुढे केला. तो घ्यायच्या आधी त्यांनी स्वतःचा फोन उचलून मांडीवर घेतला, जरा सरकल्या आणि ओट्यावर मला बसायला जागा केली.